माणची शाळा आणि वाढती घरपट्टी

पुणें शहराच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत माण हें गांव आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं तालुक्याबाहेर फारसें कोणास ठाऊक नसलेलें हें शेतकऱ्यांचें गांव आज सर्व देशाच्या परिचयाचें झालें आहे. कारण राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा मोठा भाग याच गांवच्या शिवारांत उभा आहे, आणि पुण्याच्या तिसऱ्या मेट्रोमार्गाचें आगारही याच गांवीं योजिलें गेलें. जेथें नांगर चालत होता तेथें काचेच्या इमारती आल्या, त्यांच्या मागोमाग बहुमजली वसाहती आल्या, आणि या दोहोंचीं कामें करणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्याही आल्या. अशा गांवांत सार्वजनिक कामास पैशाचा तोटा पडत नसावा, असें बाहेरच्या माणसास वाटणें अगदीं साहजिक आहे. परंतु या टापूंतील जिल्हा परिषदेची शाळा कशावर चालते, तिच्या दिव्याचें, पाण्याचें व झाडलोटीचें कोण पाहतो, हा साधा प्रश्न विचारला म्हणजे ही समजूत किती फोल आहे तें ताबडतोब ध्यानांत येतें.

हा प्रश्न आजच विचारण्याचें कारण असें कीं, या भागांतील कर वाढणार ही गोष्ट आतां टळण्यासारखी राहिलेली नाहीं. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, गहुंजे व सांगवडे हीं सात गांवें पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दींत घ्यावीं, असा प्रस्ताव कित्येक वर्षें वर येतो आणि पुन्हां खालीं बसतो. २०२५ च्या पावसाळ्यांत हिंजवडीचे रस्ते पाण्याखालीं गेले तेव्हां त्यानें पुन्हां उचल खाल्ली. गांवें महापालिकेंत गेलीं तर शहराचे दर लागू होतील. न गेलीं तरी ग्रामपंचायतीची चतुर्थ वार्षिक आकारणी कांहीं चुकत नाहीं, आणि जेथें बांधकामें दरवर्षी वाढत आहेत तेथें ती उतरत्या अंगाची होईल असें कोणीही मानूं नये. दुकानांत, चावडीवर व वसाहतींच्या सभांत चर्चा चालते ती कर किती वाढेल एवढीच. वाढलेल्या करांतून शाळेच्या वांट्यास काय येईल, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. करवाढीस पाठिंबा देणें किंवा विरोध करणें या दोहोंच्याही आधीं हा प्रश्न विचारला पाहिजे, असें आमचें मत आहे.

प्रथम शाळेच्या खर्चाची मांडणी पाहूं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाचा पगार राज्य सरकार देतें. हा खर्चाचा सर्वांत मोठा भाग होय, व तो स्थानिक करावर पडत नाहीं, ही गोष्ट आम्ही सुरुवातीसच मान्य करतों. मध्यान्हींचें जेवण व पाठ्यपुस्तकें यांचीही सोय वरूनच होते. अडचण आहे ती उरलेल्या खर्चाची, ज्यास घरगुती भाषेंत मीठ-मिरचीचा खर्च म्हणतात: वीज, पाणी, खडू, फळा, मोडलेली खिडकी, तुंबलेलें शौचालय. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत शिपायाची जागा नाहीं, कारकुनाची नाहीं, रात्रीचा पहारेकरी नाहीं. शाळेचें दार उघडण्यापासून माहितीचे तक्ते भरण्यापर्यंत सर्व कामें शिक्षकासच करावीं लागतात, आणि तीं करून उरलेल्या वेळांत त्यानें मुलें शिकवावीं अशी अपेक्षा असते.

या किरकोळ खर्चासाठीं समग्र शिक्षा योजनेखालीं संयुक्त शाळा अनुदान म्हणून वार्षिक रक्कम मिळते. ही योजना २०१८ त सुरू झाली. तिचा भार केंद्रानें साठ व राज्यानें चाळीस टक्के उचलावयाचा आहे. अनुदानाचें मान पटावर ठरतें. तीस मुलांपर्यंत १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेंपर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यापुढें एक लाख. आतां वाचकांनीं, विशेषतः व्यापारी वाचकांनीं, हा हिशेब आपल्या वहींत मांडून पाहावा. नऊशें मुलांच्या शाळेस वर्षाचे ७५,००० रुपये, म्हणजे दर मुलामागें वर्षास सुमारें ८३ रुपये. महिन्यास सात रुपयेही पडत नाहींत. एवढ्यांत वीज, पाणी, दुरुस्ती, साहित्य आणि स्वच्छता हीं सर्व भागवावयाचीं! एखाद्या साध्या किराणा दुकानाचा दिवाबत्तीचा व झाडलोटीचा खर्चही या बेतानें निघणार नाहीं. राज्यांतील कित्येक सरकारी शाळांची वीज देयकें थकल्यामुळें तोडली गेली, यांत मग नवल तें काय?

परंतु माणसारख्या वाढत्या गांवाच्या दृष्टीनें या मानांत याहून मोठा दोष आहे. अडीचशें एक मुलें असोत कीं हजार असोत, रक्कम एकच. पट चौपट झाला तरी अनुदान जेथल्या तेथेंच राहतें. डोंगरांतल्या ज्या खेड्यांत वर्षानुवर्षें तींच वीस-पंचवीस मुलें येतात तेथें या मानाचा फारसा जाच होणार नाहीं. पण जेथें प्रत्येक नव्या इमारतीबरोबर मराठवाड्यांतून, कर्नाटकांतून, बिहारांतून आलेल्या मजुरांचीं मुलें शाळेच्या दारांत येऊन उभीं राहतात, तेथें हें मान म्हणजे वाढत्या मुलास गेल्या वर्षाचा सदरा घालण्यासारखें आहे. शिक्षकांच्या संख्येचेंही तेंच. शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागें एक शिक्षक असें प्रमाण सांगितलें आहे; पण शिक्षकांच्या जागा संचमान्यतेंत मंजूर होतात आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. दिवाळीनंतर बांधकामावर आलेल्या कुटुंबाचें मूल त्या वर्षाच्या गणनेंत बसत नाहीं. तें वर्गांत बसतें इतकेंच. १५ मार्च २०२४ च्या निर्णयानें संचमान्यतेचे निकष आणखी आवळले गेले, त्याची ओरड मुख्यतः लहान शाळांच्या बाजूनें झाली व ती योग्यच होती. परंतु फुगणाऱ्या शाळांची बाजू मांडणारा कोणी दिसला नाहीं, कारण तेथील बहुतेक पालकांचें नांव त्या गांवच्या मतदारयादींतच नसतें.

तेव्हां वरून येणारा पैसा वाढत्या गांवास पुरत नाहीं. त्याची भर गांवच्या उत्पन्नांतून पडली पाहिजे, हें ओघानेंच आलें. ही कल्पना नवी नव्हे. मुंबई इलाख्यांत १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड बसविण्यांत आला व १८६९ च्या कायद्यानें तो पक्का झाला. त्याचा एक-तृतीयांश शाळांकडे व बाकीचा मुख्यतः रस्त्यांकडे जावयाचा असे. म्हणजे दीडशें वर्षांपूर्वींच्या परक्या सरकारनेंही कराच्या कोणत्या अंशावर शाळेचा हक्क आहे हें आंकडा घालून सांगितलें होतें. शेतकऱ्यानें तो आणा दिला. पण त्याच्या मोबदल्यांत त्याच्या पोरास काय मिळालें? जोतीराव फुले यांनीं १८८२ त हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें त्यांतील मुख्य गाऱ्हाणें हेंच होतें कीं, पैसा कष्टकऱ्यांच्या करांतून यावा आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणास व्हावा, हा उघड अन्याय आहे. बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करा, असेंही त्यांनीं त्याच निवेदनांत मागितलें. कर देण्यास जोतीरावांचा विरोध नव्हता, हें येथें विसरतां कामा नये. दिलेला कर कोठें जातो हें विचारण्याचा त्यांचा आग्रह होता, आणि तो आग्रह आज माणच्या ग्रामसभेंत धरला तर तितकाच शोभेल.

पुढें नामदार गोखले यांनीं १६ मार्च १९११ रोजीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक आणलें. त्यांत स्थानिक संस्थांनीं शिक्षणासाठीं खास कर बसवावा व खर्चाचा मोठा भाग सरकारनें सोसावा अशी योजना होती. १९ मार्च १९१२ रोजीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं तें फेटाळलें गेलें. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासद होते तसे जमीनदार व धनिकही होते. लोक नवा कर सोसणार नाहींत हें कारण तेव्हां मोठ्या कळवळ्यानें सांगण्यांत आलें. वस्तुतः ज्या लोकांच्या नांवानें हा कळवळा होता त्यांस कोणी विचारलेंच नव्हतें. इकडे सयाजीराव महाराजांनीं बडोद्यांत १८९३ त अमरेली महालांत सक्तीचा प्रयोग करून १९०६ त तो सर्व राज्यास लागू केला होता, आणि शाहू महाराजांनीं १९१७ त करवीरांत तेंच पाऊल टाकलें. संस्थानें दिवाळखोर झालीं नाहींत.

ब्रिटिश मुलखांत १९१८ त विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनें नगरपालिकांपुरता कायदा झाला, आणि १९२३ त डॉ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिक्षणमंत्री असतां मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. त्यानें शाळांची जबाबदारी स्थानिक बोर्डांवर टाकली. वाढीव खर्चाचा दोन-तृतीयांश जिल्हा बोर्डांस व निम्मा नगरपालिकांस सरकारनें द्यावा असें ठरलें. कागदावर व्यवस्था चोख होती. पण पुढें मंदीचीं वर्षें आलीं, सरकारचा हात आखडला, आणि बोर्डांच्या गळ्यांत जबाबदारीचें लोढणें तेवढें राहिलें. काम खालीं आणि पैसा वर, ही आमच्या स्थानिक स्वराज्याची जुनी दुखणाई आहे. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा आल्या तरी ती बरी झाली नाहीं. जिल्हा परिषदेचा स्वतःचा जुना कर म्हणजे शेतसाऱ्यावरील उपकर. ज्या गांवांत शेतच राहिलें नाहीं तेथें साऱ्यावरील उपकर तो किती येणार? मुद्रांक शुल्काच्या अधिभारांतून मिळणारा वांटा घरांच्या खरेदी-विक्रीवर अवलंबून, म्हणजे बाजार तेजींत तर भरपूर, मंदींत तर शून्यासारखा. त्यावर शाळेचा नित्याचा खर्च बेतणें म्हणजे पावसाच्या भरंवशावर रोजची चूल पेटविणें होय. शिवाय मार्च १९२२ नव्हे, मार्च २०२२ मध्यें पुणें जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यापुढें तीन वर्षांहून अधिक काळ तेथें लोकांनीं निवडलेला एकही सभासद नव्हता. शंभर वर्षांपूर्वींची तारीख लेखणींतून उतरावी असाच हा कारभार म्हटला पाहिजे.

आतां ग्रामपंचायतीकडे वळूं. १९५८ च्या कायद्यानें ग्रामपंचायतीस घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य व पाणीपट्टी वगैरे कर बसविण्याचा अधिकार आहे, व शिक्षणाचा प्रसार हें तिच्या कर्तव्यांच्या यादींत आहे. २०१५ च्या नियमदुरुस्तीनें घरपट्टी क्षेत्रफळाऐवजीं भांडवली मूल्यावर आली. मातीच्या घरास कमी, सिमेंटच्या पक्क्या इमारतीस अधिक, असे किमान व कमाल दर सरकारनें घालून दिले. तत्त्व चांगलें आहे. भांडवली मूल्य पाहिलें तर माणइतकी श्रीमंत ग्रामपंचायत महाराष्ट्रांत शोधूनच काढावी लागेल. परंतु मूल्याचा सर्वांत मोठा ढीग आहे तो औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रांत. आणि २०१९ त सरकारनें असा नियम केला कीं, त्या क्षेत्रांतील कर महामंडळानें गोळा करावा व त्यांतला निम्मा ग्रामपंचायतीस द्यावा.

या नियमाची एक बाजू आम्ही प्रामाणिकपणें मांडूं. उद्योगांची तक्रार अशी होती कीं, रस्ते, गटारें, पाणी व दिवे महामंडळ देतें, मग ग्रामपंचायतीस पुरा कर कशाबद्दल द्यावयाचा? तक्रार अगदीं निराधार नव्हती. पण कर हा केवळ आपल्या दारापुढील गटाराचें भाडें नव्हे. त्या काचेच्या इमारतींत झाडू मारणारी बाई, पहारा देणारा गडी, उपाहारगृहांतील पोऱ्या, गाडी हांकणारा, हे सर्व राहतात ते महामंडळाच्या क्षेत्रांत नव्हे. ते राहतात गावठाणांत व आसपासच्या चाळींत, आणि त्यांचीं मुलें येतात ग्रामपंचायतीच्या हद्दींतील शाळेंत. उद्योगास माणसें लागतात, माणसांस मुलें असतात, आणि मुलांस शाळा लागते. या सांखळींतील पहिली कडी महामंडळाच्या हिशेबांत आणि शेवटची ग्रामपंचायतीच्या, अशी वांटणी झाल्यानें मधलें नातें तुटलें. मुळशी तालुक्यास असा अनुभव नवा नाहीं. १९२१ पासून तीन वर्षें सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला त्या धरणाची वीज मुंबईस गेली आणि बुडालेलीं गांवें मुळशींत राहिलीं. दोन्ही प्रसंग एका मापाचे नाहींत हें आम्ही जाणतों. तरी लाभ एकीकडे व ओझें दुसरीकडे ही चाल तीच आहे.

म्हणून आमची पहिली मागणी घरमालकाकडे नसून सरकारकडे आहे. महामंडळानें किती कर गोळा केला, त्यांतील निम्मा म्हणजे किती झाला, आणि तो ग्रामपंचायतीस कोणत्या तारखेस पोंचला, हें दरवर्षी जाहीर झालें पाहिजे. हा आंकडा डोळ्यांपुढें नसतां गांवकऱ्यांकडे अधिक घरपट्टी मागणें म्हणजे सावकारानें वही न दाखवितां व्याज मागण्यासारखें आहे.

दुसरा आक्षेप करदात्याच्या बाजूचा, आणि तो बिनतोड आहे असें पुष्कळांस वाटतें. ते म्हणतात, शिक्षणासाठीं आम्ही अगोदरच दोनदां कर देतों. तिसऱ्यांदा कां द्यावा? हें खोटें नाहीं. केंद्रानें २००४ त दोन टक्के शिक्षण उपकर बसविला, २००७ त आणखी एक टक्का वाढविला, आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून चार टक्के उपकर प्राप्तिकरावर आकारला जाऊं लागला. या उपकराची मौज अशी कीं, राज्यांस वांटून द्यावयाच्या करांत तो धरला जात नाहीं. केंद्राच्या हातीं तो सबंध राहतो. राज्याचा आपला निराळा शिक्षण कर आहे. १९६२ च्या कायद्यान्वयें तो शहरांतील घरांवर बसतो, नगरपालिका-महापालिका तो घरपट्टीबरोबर वसूल करतात आणि राज्याच्या तिजोरींत भरतात. पुण्याच्या करदात्यास आपल्या देयकावर शिक्षण कर व रोजगार हमी कर हे शब्द दरवर्षी दिसतात. पण त्या रकमेचा त्याच्या गल्लींतील शाळेशीं थेट संबंध कांहीं नसतो. माण उद्यां महापालिकेंत गेलें तर येथील घरमालकासही हा कर लागेल, आणि आपण आतां आपल्या शाळेसाठीं देतों अशा समजुतींत तो राहील. ही समजूत वेळींच दूर झालेली बरी.

पण यावरून निघतें काय? वर जाणारा पैसा परत येतांना वाटेंत झिजतो, म्हणून गांवांत राहणाराही पैसा देऊं नये? आमच्या मतें निष्कर्ष उलट निघतो. तिन्ही करांत ज्याचा हिशेब करदात्यास डोळ्यांनीं पाहतां येतो असा एकच आहे, आणि तो म्हणजे गांवची घरपट्टी. दिल्लीस गेलेला रुपया कोणत्या शाळेस लागला हें कोणी सांगूं शकणार नाहीं. माणच्या घरपट्टींतून बसविलेला पाण्याचा नळ चालू आहे कीं बंद, हें चौथींतलें पोरही सांगेल.

शहरांत गेलेल्या गांवांचा दाखला या वादांत नेहमीं देतात. पुणें महापालिकेंत २०१७ त अकरा व २०२१ त तेवीस गांवें घेण्यांत आलीं. कर शहराचे लागले, आणि रस्ता, पाणी, कचरा यांची व्यवस्था गांवाचीच राहिली, अशी ओरड झाली. उरुळी देवाची व फुरसुंगी यांनीं तर महापालिकेंतून बाहेर पडून आपली निराळी नगरपरिषद मागून घेतली. या गांवकऱ्यांस करचुकवे म्हणून हिणविणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. आधीं सोय, मग दर, हा व्यवहाराचा साधा नियम आहे आणि तो प्रत्येक दुकानदार पाळतो. परंतु माणच्या लोकांनीं त्या प्रकरणांतून कर नको एवढाच धडा घेऊं नये. विलीनीकरणाबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळा महापालिकेकडे जातात, त्यांतील शिक्षकांनीं कोठें राहावयाचें याचा घोळ सुरू होतो, आणि मधल्या काळांत शाळेच्या छपराची जबाबदारी नेमकी कोणाची हें कोणीच सांगत नाहीं. रस्त्यांवर व पाण्यावर लोक मोर्चे नेतात. शाळेच्या हस्तांतरावर मोर्चा गेल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

कर नको, उद्योगांनींच शाळा चालवाव्या, असा एक सोपा उपाय हल्लीं सुचविला जातो. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. आणि १८ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयानें सरकारनें शाळा दत्तक देण्याची योजना काढली. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठीं पांच वर्षांस पन्नास लाख किंवा दहा वर्षांस एक कोटी रुपयांच्या मोलाचें साहाय्य करणाऱ्यास आपलें इच्छित नांव शाळेच्या नांवास त्या मुदतीपुरतें जोडतां येईल असें त्यांत म्हटलें आहे. हें साहाय्य रोखीनें नव्हे, वस्तु व सेवा यांच्या रूपानें द्यावयाचें. दानाचा आम्हांस तिटकारा नाहीं. पेठेंतल्या व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर महाराष्ट्रांतील किती शाळा, वाचनालयें व वसतिगृहें उभीं राहिलीं हें आम्ही विसरलेलों नाहीं. पण त्या दात्यानें शाळा बांधून दिली व ती लोकांच्या स्वाधीन केली; पाटी पांच वर्षांच्या कराराची नव्हती. शिवाय दान येतें तें देणाऱ्याच्या मर्जीनें, दिखाऊ वस्तूकडे. संगणक येतात, रंगीत भिंती येतात. विजेचें देयक भरावयास व शौचालय धुवावयास दाता मिळत नाहीं. संगणक वीज नसल्यानें झांकून ठेवलेले ज्यांनीं पाहिले असतील त्यांस हें अधिक फोड करून सांगावयास नको.

जेथें गांवानें मन घातलें तेथें सार्वजनिक शाळा किती वर येते याचीं उदाहरणें याच जिल्ह्यांत आहेत. खेड तालुक्यांतील जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा २०२५ त जगांतील उत्तम शाळांच्या स्पर्धेंत अंतिम दहांमध्यें गणली गेली, आणि ती समाजाच्या सहकार्याबद्दल. असा उत्साह एका शिक्षकाच्या किंवा एका पिढीच्या अंगीं असतो. तो संपल्यावर शाळा पूर्वपदावर येऊं नये यासाठीं नित्याचें उत्पन्न पाहिजे.

राहिला मुद्दा सुखवस्तु रहिवाशांचा. आमचीं मुलें खासगी शाळेंत जातात, मग दुसऱ्यांच्या मुलांसाठीं आम्ही कां द्यावें? हा प्रश्न बहुमजली वसाहतींत उघड विचारला जातो. आम्ही त्यांस एवढेंच विचारतों कीं, त्यांच्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईचें मूल दुपारीं कोठें असतें? आणि खासगी शाळेचें दार गरिबास उघडें ठेवण्याविषयीं सरकारची वृत्ति काय आहे तेंही पाहावें. शिक्षणहक्काच्या कायद्यानें खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांस ठेवल्या. त्यांची भरपाई शाळांस वेळेवर मिळेना. तेव्हां फेब्रुवारी २०२४ त सरकारनें नियमच बदलला कीं, एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेस ही अट लागू नाहीं. उच्च न्यायालयानें तो नियम जुलै २०२४ त रद्द केला हें योग्य झालें. परंतु त्या नियमाच्या पोटीं एक कबुली होती: गरिबाच्या मुलासाठीं जवळची सरकारी शाळा पुरेशी आहे. ज्या सरकारास ती पुरेशी वाटते त्यानें तिला महिन्याच्या सात रुपयांहून अधिक द्यावें.

तेव्हां करवाढीस आमचा पाठिंबा आहे, पण तो बिनशर्त नाहीं. ग्रामपंचायतीनें आपल्या उत्पन्नांतील पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठीं, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठीं व पांच टक्के दिव्यांगांसाठीं राखावे असे नियम आज आहेत. ते सर्वत्र पाळले जातात असें नव्हे, पण निदान विचारतां येतें. शाळेसाठीं असा ठरीव वांटा नाहीं. तो ग्रामसभेच्या ठरावानें नेमून घ्यावा, आणि वाढीव आकारणीपुरता तरी तो निराळ्या सदरांत जमा व्हावा. दर ठरवितांना नियमांतील किमान व कमाल यांमधील अंतराचा पुरता उपयोग करावा: पत्र्याच्या खोलीस व मातीच्या घरास किमान, व्यापारी गाळ्यांस व मोठ्या इमारतींस कमालीच्या जवळ. यावर आमचे व्यापारी वाचक रागावतील. परंतु मजुराची खोली भाड्याची असते आणि तिच्यावरील प्रत्येक वाढ मालक भाड्यांत घालतो, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक आहे? खोल्यांवरचा कर वाढवून शाळा चालविणें म्हणजे त्याच मुलाच्या बापाकडून त्याच्या शाळेचे पैसे काढणें, आणि मग शिक्षण मोफत आहे असें सांगणें.

विलीनीकरण झालेंच तर करारांत शाळांचें स्वतंत्र कलम पाहिजे: कोणत्या दिवसापासून दुरुस्ती महापालिकेची, शिक्षकांची व्यवस्था काय, आणि जमीन कोणाच्या नांवें. हें कलम गांव महापालिकेंत जाण्याआधीं लिहून घेतलें पाहिजे. नंतर तें मागणाऱ्याची बाजू लंगडी पडते.

खर्चावर नजर ठेवण्यास नवी समिती नको. शिक्षणहक्काच्या कायद्याच्या एकविसाव्या कलमानें प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यांत तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या सदरांतील जमाखर्च दर तिमाहीस या समितीपुढें वाचला जावा व शाळेच्या भिंतीवर लागावा. समितींत परगांवाहून आलेल्या मजूर पालकांपैकीं कोणी तरी बसलें पाहिजे, कारण पट त्यांच्याच मुलांनीं वाढतो आहे. येत्या ग्रामसभेंत आकारणीचा विषय निघेल तेव्हां कोणीही दोन आंकडे मागावे: महामंडळाकडून गेल्या वर्षीं किती आले, आणि त्यांतले शाळेस किती गेले. पहिला आंकडा सरपंचांस सांगतां न आल्यास ग्रामसभेनें महामंडळास लेखी विचारण्याचा ठराव त्याच बैठकींत करावा.